सेल्फाला नारळ

कुबलबाईंनी चावी फिरवली आणि गाडी म्हणाली, "टक्."

पुढे काही म्हणाली नाही. बाईंनी पुन्हा चावी फिरवली. पुन्हा "टक्." जन्मभर पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवलेल्या बाईंना हा प्रकार ओळखीचा होता. पहिलं अक्षर येतं, पुढचं येत नाही. अशा मुलावर ओरडून उपयोग नसतो. त्यांनी थोडं थांबून, अगदी शांतपणे तिसऱ्यांदा विचारून पाहिलं.

"टक्."

पडवीत नारळ सोलत बसलेल्या दाजींनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, मान वर केली. "मेली परत?"

"मेली नाय, अडली," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

मिठबावात ही गाडी सगळ्यांच्या ओळखीची होती. देवगडच्या एका डॉक्टरांनी ती बरीच वर्षं वापरली, मग त्यांच्या कंपाउंडरने वापरली आणि तिसऱ्या हाताने ती बाईंकडे आली. सगळी नोकरी एसटीची वाट बघण्यात गेली होती. म्हणून निवृत्त झाल्यावर बाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडी शिकणं. आता बाजार, बँक, बहिणीचं घर, आणि शनिवारी पलीकडच्या वाडीतल्या कच्च्या मुलांचं वाचन, सगळीकडे त्या स्वतः जायच्या. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही.

पण हल्ली गाडी पुन्हा पुन्हा अडायला लागली होती. ढकलली की चालू व्हायची. पण दर वेळी ढकलणारे कुठून आणायचे? एकदा बाजारात मासळीवाल्या बायकांनी ढकलून दिली, आणि ही बातमी बाई घरी पोचायच्या आधी मुंबईत पोचली. मुलाचा, सुदेशचा, लगेच फोन.

"आई, बस झालं आता. उद्या आडवाटेला अडकलीस तर मी इथून काय करणार? विकून टाक भंगारात."

"एकदा चुकला म्हणून मूल शाळेतून काढूचा नसता."

"एकदा? आई, ती दर महिन्याला नापास होते!"

बाईंनी विचार केला. "बरा. तू दिवाळीनंतर येतलंस मा? माका परीक्षा घालून दे."

"ठीक आहे. मला नांदगाव स्टेशनवर घ्यायला ये. तिथून घरापर्यंत गाडी न ढकलता आली, तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. ढकलावी लागली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला."

"कबूल," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून त्यांनी नाक्यावरच्या बाबली मेकॅनिकला बोलावणं धाडलं.

बाबलीने चावी फिरवून तो "टक्" ऐकला आणि नाडी बघितलेल्या वैद्यासारखी मान हलवली.

"बाई, सेल्फ."

गॅरेजवाले स्टार्टर मोटरला सेल्फ म्हणतात. चावी फिरवली की हा सेल्फ इंजिनाला पहिला धक्का देतो. पुढे इंजिन आपलं आपण चालतं. थोडक्यात, सकाळी मुलाला अंथरुणातून उठवणारी आई. ती आईच उठली नाही, तर पुढची शाळा कसली?

"सगळा एकदम बदलू नको रे," बाईंनी बजावलं. "एका वेळेक एकच गोष्ट बदलूची. नायतर काय चुकलेला ता कळाचा नाय."

तेव्हा बाबलीने फक्त वायरींची तोंडं घासून साफ केली आणि बॅटरी चार्ज करून आणली. बॅटरी जुनी होती, पण अजून वर्षभर ओढेल, असं त्याचं मत पडलं. सेल्फला दोन टिचक्या मारल्या. गाडी पहिल्या चावीत चालू झाली. बाई खूश झाल्या. दाजीही झाले, पण ते नुसते खूश होऊन थांबणारे नव्हते.

दाजींच्या वडिलांची मासेमारीची होडी होती. नारळी पुनवेला दर्यात नारळ सोडला की दुसरा नारळ फोडून त्याचं पाणी होडीच्या मशिनीला पाजायचं, ही घरची रीत. मशीन म्हणजे मशीन, मग ती दर्यात असो की डांबरावर. दुसऱ्या दिवशी पहाटे, बाई चुलीपाशी घावणे घालत असताना, दाजी नारळ आणि कोयता घेऊन खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात गेले. बॉनेट उघडलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ही जी काय आमची गाडी आसा, तेका कोणाची नजर लागली आसात, वाटेर काय बाधा झाली आसात, ती दूर कर रे म्हाराजा! आणि माझ्या घरकारणीक खंय जाईत थय सुखरूप ने, थयसून सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला दुसरं माणूस लागतं. ते नव्हतं, म्हणून तेही दाजींनीच म्हटलं. मग नारळ फोडला आणि आतलं पाणी, एक थेंबही वाया न घालवता, मशिनीवर ओतलं. खोबरं स्वयंपाकघरात नेऊन दिलं.

"गाडयेक नारळ फोडलंय गो."

"बरा केलास," बाई म्हणाल्या. नारळ गाडीच्या पुढ्यात दगडावर फुटला असेल आणि पाणी मातीत गेलं असेल, अशीच त्यांची समजूत. त्यांनी त्या खोबऱ्याची सोलकढी केली.

काही आठवडे गाडी उत्तम चालली. मग एका शनिवारी वाडीतल्या सगळ्या मुलांसमोर म्हणाली, "टक्."

या खेपेला बाबलीने सेल्फ खाली उतरवला. आतले कार्बन, म्हणजे वीज पोचवणारे छोटे ठोकळे, बदलले. दाजी शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"बाबली, ह्यो सेल्फ बसता खंय?"

बाबलीने बॉनेटमध्ये वाकून बोट दाखवलं. "ह्यो बघा. हय खाली, पुढच्या बाजूक."

"असो काय!" दाजी म्हणाले. आपण मागच्या खेपेला देवाचं पाणी भलत्याच जागी ओतलं, म्हणूनच गुण टिकला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पाणी नेमकं सेल्फवर ओतलं.

गाडी या वेळी आणखी लवकर अडली.

बाईंनी हार मानली नाही. त्यांनी खाऱ्या वाऱ्यावर संशय घेतला. गाडी खळ्यातून हलवून घराच्या मागे, दर्याकडे पाठ करून उभी केली आणि तिच्यावर ताडपत्री घातली. बाबलीने सेल्फच्या डोक्यावरचा तो छोटा डबा, ज्यातून "टक्" आवाज येतो, तो नवा बसवला. इकडे दाजींचंही शास्त्र पुढे चाललं होतं. त्यांच्या हिशेबाने सगळं स्पष्ट होतं. नारळ दिला की गाडी चालते. नारळाचा गुण सरला की थांबते. म्हणजे नारळ कमी पडतो. ते दोन नारळांवर आले.

गाडी आठवडाभरात अडली. दाजींनी तीन नारळ काढून ठेवले.

घरात इतकं खोबरं साठलं की वड्या झाल्या, चटण्या झाल्या, शेजारीपाजारी वाटून झालं, आणि शेवटी मांजरही सोलकढीला तोंड लावेना. शेजारची मुलं तर गाडीचा "टक्" ऐकला की आनंदाने ओरडत, "बाईंकडे उद्या वड्यो!"

सुदेशचं रेल्वेचं तिकीट निघालं. परवा पहाटे तो नांदगावला उतरणार होता, आणि बाईंची गाडी पुन्हा "टक्" म्हणून गप्प बसली होती. बाबलीने सेल्फ पुन्हा खाली उतरवला, पडवीत आणून पूर्ण उघडला, आणि एकदम हात झटकत उभा राहिला.

"अगो आवशी! बाई, ह्येच्यात मुंगळे!"

सेल्फच्या पोटातून मुंगळ्यांची रांग शिस्तीत बाहेर पडत होती. आतलं सगळं काळं, चिकट, काकवीसारखं. बाबलीने आयुष्यात पुष्कळ गाड्या उघडल्या होत्या. कुणात उंदीर मिळाला होता, एका रिक्षात तर धामण. पण हे नवं होतं.

"बाई," तो गंभीरपणे म्हणाला, "गाडयेक साखर झाली आसा."

"साखर गाडयेक होणा नाय. भायरसून येता," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा नीट केला, सेल्फ उचलला आणि नाकाशी नेला. कोकणात जन्मलेल्या माणसाला काही वास शिकवावे लागत नाहीत. हा वास उन्हात राहिलेल्या करवंटीचा होता. आंबलेल्या नारळपाण्याचा.

बाईंनी सेल्फ खाली ठेवला. मग खळ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे दाजी उद्याचे तीन नारळ अगदी मन लावून सोलत होते.

आता दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं. बाईंच्याही जिभेवर बरंच काही आलं. पण ज्या मुलाने मनापासून चुकीचं उत्तर लिहिलंय, त्याच्या पाटीवर रागाने रेघ मारू नये, हे त्या नव्या शिक्षिकांना नेहमी सांगत. त्या जाऊन दाजींच्या शेजारी बसल्या.

"अवो, तुमच्या बाबांची होडी होती मा? तिच्या मशिनीक नारळाचा पाणी कसा घालीत?"

दाजींची कळी खुलली. हा विषय त्यांना कुणी विचारत नसे. "कसा म्हणजे? दर्याक नारळ सोडलो की दुसरो मशिनीर. बाबा सोता घाली."

"सगळा पाणी?"

"मगे? देवाच्या कामात हात राखूक बाबा काय वाणी होतो?"

"बरा. आणि मगे काय करी?"

"मगे बालदी सोडून दर्याचा पाणी काढी आणि सगळी मशीन धुवी. लख्ख!"

"कित्याक?"

"कित्याक काय? शिकलली मा तू? गोडसाण ऱ्हवली तर मुंगळे..."

दाजींचा कोयता हवेतच राहिला. त्यांनी पडवीतल्या बाबलीकडे पाहिलं. बाबली पायावरचा मुंगळा झटकत होता.

मुलाच्या ओठावर उत्तर आलेलं असताना शिक्षकाने मध्ये बोलायचं नसतं.

"अरे देवा!" दाजींनी कपाळावर हात मारला. "माझा चुकलाच!"

बाईंना समाधान वाटलं. पण ते फार टिकलं नाही, कारण दाजी ताडकन उठले आणि माडांना पाणी घालायची नळी ओढत गाडीकडे धावत सुटले.

"मी धुवूक इसारलंय! बाबली, पंप सुरू कर रे!"

उत्तर बरोबर, रीत चूक! बाबली सेल्फ टाकून धावला आणि उघड्या इंजिनावर पालथा पडला. "काका, आधी माका धुवा! तेच्यात पाणी गेला तर गाडी थेट भंगारात जातली!"

"सर रे मेल्या! बाबांची मशीन पंचवीस वर्षां चालली!"

"नळी खाली ठेवा!" बाई गरजल्या. हा आवाज त्यांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच काढला होता. दाजींनी नळी खाली ठेवली. बाबलीही उगाचच सरळ उभा राहिला, आणि कुंपणापलीकडे आवळे पाडणारी मुलं चुपचाप घरी गेली.

दाजी पायरीवर बसले. बराच वेळ सुपारी कातरत राहिले, पण खाल्ली नाही.

"म्हणजे इतके दिस मीच तुझी गाडी मारी होतंय," ते शेवटी म्हणाले.

"मारी नव्हतास. पाजी होतास," बाई म्हणाल्या. "फक्त गाडयेक तहान नव्हती."

"तू सुखरूप घराक येवक व्हयी, म्हणान गो."

"ता माका ठाऊक आसा."

"पण नारळ फोडल्याबिगर तुका परवा पहाटेची सोडूचंय नाय. ता काय माका जमाचा नाय."

इथे मोठा पेच होता. बाईंनी तो फळ्यावरच्या गणितासारखा थोडा वेळ न्याहाळला. "होडी दर्यात सोडताना नारळाचा पाणी आणि कोणाक देत?"

"तांडेलाक," दाजी म्हणाले. "होडी हाकणारो तांडेल. पयलो मान तेचो."

"मगे ह्या गाडयेचो तांडेल कोण?"

दाजींनी बायकोकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा हुद्दा त्यांना आजवर सुचला नव्हता. ते हसले. "तू."

"मगे माका पाजा. गाडयेक कित्याक?"

बाबलीने सेल्फ धुऊन, पुसून, वाळवून, नवे कार्बन घालून पुन्हा बसवला. ठरल्या दिवशी, अजून फटफटलंही नव्हतं, तेव्हा दाजींनी गाऱ्हाणं घातलं. या वेळी "व्हय म्हाराजा" बाईंनी म्हटलं. पाणी बाई प्यायल्या. चावी फिरवली आणि गाडीने पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, कुठेही न अडता, वाचून दाखवलं.

नांदगाव स्टेशनाबाहेर धुकं होतं. सुदेश चाकांची बॅग ओढत आला. पायात पांढरेशुभ्र बूट.

"आलीस? न ढकलता?"

"एका सेल्फात."

"बघू. घर अजून लांब आहे. चावी दे, मी चालवतो. तू थकली असशील."

बाईंनी चावी दिली. सुदेशने चावी फिरवली, गाडी चालू झाली, त्याने जराशा नाराजीने भुवया उंचावल्या, दिवे लावले आणि धुक्यातून गाडी बाहेर काढली. शिरगावच्या अलीकडे ऊन पडलं. चहाच्या टपरीवर त्याला शाळेतला गुरुप्रसाद दिसला. गाडी कडेला लावून तो खाली उतरला. मुंबईचे भाव, गावचे रस्ते, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं जमलं, असं बोलणं जे सुरू झालं ते आवरेना. बाई बाकावर गाडीकडे तोंड करून बसल्या होत्या. एक चहा झाला. त्या टपरीवाल्याला म्हणाल्या, "आणखी एक दी रे. भजी पण घाल."

भजी संपली, गप्पा संपल्या, सुदेशने येऊन चावी फिरवली.

गाडी क्षीण आवाजात "टक्" म्हणाली. मग तेही म्हणेना.

सुदेशने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद लपवायचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला. "बघ आई. मी म्हटलं होतं ना? गेला तुझा सेल्फ."

बाईंनी वाकून एक बटण फिरवलं. "ह्या कसला बटण?"

"दिव्यांचं."

"लावले कोणी?"

"मी."

"मालवले कोणी?"

सुदेश हळूच म्हणाला, "आमच्या गाडीत ते आपोआप बंद होतात."

"हय आपोआप कायेक होणा नाय बाबा. हय सगळा शिकवचा लागता." बाई चालकाच्या जागेवर बसायला आल्या. "अट माका पाठ आसा. गाडी ढकलूक लागली तर भंगार. उतर, आणि ढकल."

टपरीवरचे दोघंतिघं मदतीला उठले. गुरुप्रसादने तर बाह्या वर केल्या.

"कोणी येव नको," बाई म्हणाल्या. "एकटो पुरे. तरणो आसा."

सुदेशने ढकलली. पांढरे बूट कडेच्या तांबड्या मातीत घसरले, शर्ट बाहेर आला, आणि टपरीवरून "जोर लाव रे मुंबयकारा!" असा उत्साह मिळत राहिला. बाईंनी दुसऱ्या गिअरमध्ये नेमका क्लच सोडला आणि गाडी गुरगुरत निघाली. थोडी पुढे जाऊन त्या थांबल्या. सुदेश धावत आला, बसला, आणि पुढे बराच वेळ खिडकीतून आंब्याच्या बागा बघत राहिला.

घरी दाजी फाटकात उभेच होते. बॅटरी वाटेत चार्ज झाली होती. गाडी रुबाबात खळ्यात शिरली.

"काय रे झिला, ढकलूक लागली काय?"

सुदेशने आईकडे पाहिलं. आई डिकीतून बॅग काढण्यात गुंतली होती. त्याने आपले बूट एकमेकांमागे लपवले.

"नाय बाबा. एका सेल्फात."

"मगे भंगारवालो?"

"कसला भंगारवाला? चांगली आहे की गाडी."

दाजींनी गाडीच्या टपावर हात फिरवला आणि ही बातमी सांगायला बाबलीच्या गॅरेजकडे निघाले. सुदेश न्हाणीपाशी दगडावर बसून बूट घासत राहिला. माती काही निघेना. बाई त्याला जुना ब्रश द्यायला आल्या.

"आई, एक विचारू? मी गप्पा मारत होतो तेव्हा गाडीचे दिवे चालू होते. तुला बाकावरून दिसले नाहीत?"

"दिसत होते की," बाई म्हणाल्या. "म्हणान तर दुसरी चाय सांगितलंय."